जुन्या जीपमध्ये आरशासारखी चकाकी येते कुठून? रंग घासण्यामागचं साधं गणित

अशी रील तुम्हीही पाहिली असेल. घरामागे वर्षानुवर्षं उभी असलेली जुनी जीप. रंग पार विटलेला, बोनेटवर धुळीचा थर. मग गाणं सुरू होतं, एक हात कागद घासतो, एक मशीन फिरतं आणि तिसाव्या सेकंदाला त्याच बोनेटमध्ये आभाळ दिसायला लागतं. खाली कमेंट्सचा पाऊस. त्यातली अर्ध्याहून जास्त माणसं एकच विचारतात, "भाऊ, पॉलिश कोणतं वापरलं?"

गंमत अशी की हा प्रश्नच चुकीचा आहे. ती चकाकी कुठल्याही बाटलीतून आलेली नसते. ती रंग घासून, म्हणजे रंगाचा थोडा थोडा भाग काढून टाकून आलेली असते. आणि गाडीवर रंग मोजकाच असतो. त्यामुळे खरा प्रश्न "काय लावलं?" हा नाही. "किती काढलं आणि किती उरलं?" हा आहे. हे गणित ज्याला कळलं, त्याची गाडी पुढची वीस वर्षं चमकते. ज्याला कळलं नाही, त्याची गाडी पहिल्या दिवशी चमकते आणि दोन पावसाळ्यांत पापुद्रे सोडते.

चला, हे गणित एका जागेच्या आधारानं समजून घेऊ.

सेमाडोहच्या रस्त्यावरची जीप

परतवाड्याहून धारणीकडे निघालं की घाटातून पन्नासेक किलोमीटरवर सेमाडोह लागतं. सिपना नदीच्या काठचं, मेळघाटच्या जंगलातलं गाव. देशात व्याघ्र प्रकल्पांची सुरुवात झाली तेव्हाच्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक म्हणजे मेळघाट. इथली सफारी म्हटली की डोळ्यांसमोर येते ती उघडी जिप्सी. मारुतीनं ही गाडी १९८५ मध्ये आणली आणि आता नवी मिळत नाही. तिच्याही आधीच्या काळातल्या जीप म्हणजे विलीजच्या वळणाच्या, महिंद्रानं १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून मुंबईत जोडायला आणि पुढे बनवायला घेतलेल्या.

गाडीच्या रंगाची परीक्षा घ्यायची असेल तर याहून कडक शाळा शोधून सापडणार नाही. उन्हाळ्यात कच्च्या रस्त्याची धूळ. दोन्ही बाजूंनी बांबूच्या काड्या आणि रायमुनियाच्या, म्हणजे घाणेरीच्या, काटेरी फांद्या घासत राहतात. पावसाळ्यात दिवसचे दिवस न वाळणारी ओल. आणि घाट उतरून अचलपूर, अमरावती, अकोल्याकडे गेलात तर ४५ अंशांच्या पुढे जाणारं वऱ्हाडाचं ऊन. आता समजा, अशा ठिकाणी तीस-पस्तीस वर्षं राबलेली एक जीप तुमच्या वाट्याला आली. ती पुन्हा चमकवायची आहे. सुरुवात कुठून करायची?

आधी हे सांगा, चकाकी म्हणजे नेमकं काय?

नदीचा डोह आठवा. पाणी संथ असतं तिथं काठावरचं झाड जसंच्या तसं उलटं दिसतं. तीच नदी थोडी पुढे दगडांवरून खळखळत जाते, तिथं काहीच दिसत नाही, नुसतं पांढरं पांढरं चमचमतं. पाणी तेच, ऊनही तेच. फरक फक्त पृष्ठभागाचा.

गाडीच्या रंगाचंही असंच आहे. पृष्ठभाग सपाट असेल तर त्यावर पडलेला प्रकाश एकाच दिशेनं परत फिरतो आणि आपल्याला प्रतिबिंब दिसतं. पृष्ठभागावर बारीक ओरखडे असतील तर प्रकाश दहा दिशांना विखुरतो आणि रंग मंद, पांढरट दिसतो. आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ०.४ ते ०.७ मायक्रॉन असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. उरलेले ओरखडे या मापापेक्षाही बारीक झाले की डोळ्याला ते ओरखडे म्हणून दिसतच नाहीत. त्यालाच आपण "आरशासारखं" म्हणतो.

म्हणजे रंग चमकवणं ही सफाईच्या आधी सपाटीची गोष्ट आहे. मोठे ओरखडे मारून उंचवटे काढायचे, मग त्याहून बारीक ओरखड्यांनी आधीचे ओरखडे पुसायचे. असं करत करत ओरखडे डोळ्याच्या पलीकडे न्यायचे. बस, एवढंच सगळं शास्त्र आहे.

गाडीवर रंग असतो तरी किती?

आता या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा आकडा. आजकालच्या गाडीवर कारखान्यातून येणारे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. सगळ्यात खाली गंज रोखणारा थर, त्यावर अस्तर म्हणजे प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. प्रिंटरमधला एक साधा कागद सुमारे १०० मायक्रॉन जाडीचा असतो. म्हणजे तुमच्या गाडीचा अख्खा रंग हा एका-दीड कागदाइतका! त्यातला क्लिअर कोट तर बहुधा ४० ते ५० मायक्रॉनच, म्हणजे अर्धा कागद.

चकाकीचा सगळा खेळ या अर्ध्या कागदात चालतो. उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला वाचवण्याचं कामही हाच थर करतो. दर दिवाळीला "जरा बफिंग मारून द्या" म्हणणारा माणूस दरवर्षी या अर्ध्या कागदातून थोडा थोडा खर्च करत असतो. आणि हा खर्च परत भरून येत नाही. म्हणून जाणकार माणूस काम सुरू करण्याआधी रंगाची जाडी मोजणारं छोटं यंत्र पत्र्याला लावून बघतो.

जुन्या जीपवर मात्र अनेकदा क्लिअर कोट नसतोच. तिथं एकाच थराचा इनॅमल रंग असतो, वरपासून खालपर्यंत तोच. हे ओळखायची सोपी खूण आहे. कोपऱ्यातल्या, चटकन न दिसणाऱ्या जागी पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन घासा. फडक्याला गाडीचा रंग लागला तर एकेरी थर आहे. नाही लागला तर वर क्लिअर कोट आहे. गाडीच पांढरी असेल तर काळं फडकं घ्या, नाहीतर काहीच कळणार नाही.

आधी निदान: रंग वाचवायचा की काढायचा?

इथंच बरेच जण चुकतात. हाताला पांढरी भुकटी लागते म्हणून "रंग गेला" असं ठरवून थेट पत्र्यापर्यंत खरवडतात. खरं तर एकेरी इनॅमल रंगाचा उन्हानं खडू झालेला भाग बहुधा वरवरचाच असतो. तेवढा हलक्या हातानं काढला की खालून मूळ रंग वर येतो. कारखान्यातला रंग गाडीला एकदाच मिळतो. तो वाचत असेल तर वाचवा.

ओरखड्यांसाठी नखाची परीक्षा करा. ओरखड्यावरून आडवं नख फिरवा. नख अडकलं नाही तर पॉलिशनं काम भागू शकतं. नख अडकलं तर ओरखडा खोल आहे. तो पूर्ण घालवायचा म्हणजे आजूबाजूचा सगळा रंग तेवढा खाली आणायचा. अशा वेळी थोडा ओरखडा राहू देणं शहाणपणाचं.

क्लिअर कोट मात्र पापुद्रे सोडत असेल, पांढरे चट्टे सुटत असतील, तर कुठलंही पॉलिश त्याला वाचवू शकत नाही. तसंच रंगाखाली फोड आले असतील तर आत गंज आहे असं धरून चाला. वरून चमकवलेला गंज हा आतून पत्रा खातच राहतो. इथं रंग काढून नव्यानं सुरुवात करावीच लागते.

पेपरचे नंबर काय सांगतात?

गॅरेजमध्ये ज्याला पॉलिश पेपर किंवा वॉटर पेपर म्हणतात त्याच्या पाठीवर नंबर असतो. नंबर जितका मोठा तितका कण बारीक. प्रमाणित पेपरमध्ये ८० नंबरचा कण सुमारे २०० मायक्रॉनचा, ४०० चा ३५ मायक्रॉनचा, १००० चा १८ चा, तर २००० चा सुमारे १० मायक्रॉनचा असतो. आता मघाचा अर्धा कागद आठवा. क्लिअर कोट ५० मायक्रॉनचा आणि तुमच्या हातात ८० नंबरचा पेपर असेल तर एकेक कण त्या थराच्या चौपट मोठा आहे!

पाणी घालून घासायची सोय फार जुनी नाही. १९२१ मध्ये थ्रीएम या अमेरिकन कंपनीनं पाण्यात न विरघळणारा पेपर बाजारात आणला. त्याआधी गाड्यांच्या कारखान्यांत कोरडं घासकाम चाले आणि कामगार धुळीत बुडालेले असत. याच कंपनीतला रिचर्ड ड्रू हा तरुण पेपरचे नमुने घेऊन रंगकाम करणाऱ्यांकडे जायचा. दोन रंगांची सीमा सरळ आखताना त्यांची होणारी चिडचिड त्यानं पाहिली आणि १९२५ मध्ये मास्किंग टेप तयार केली. आजही गॅरेजमध्ये पेपर आणि ती टेप शेजारीशेजारीच दिसतात.

पत्र्यापासून वरपर्यंत

आता नव्यानं रंगवायच्या जीपचा क्रम बघू.

पहिलं काम गंजाचं. ८० नंबरनं घासून चकचकीत पत्रा उघडा करायचा आणि शक्य तितक्या लवकर त्यावर अस्तर चढवायचं. मेळघाटच्या पावसाळ्यात उघडा पत्रा रात्रभर ठेवलात तर सकाळी त्यावर तांबूस झाक हमखास दिसेल. दमट हवेत आणखी एक घोळ होतो. उडणाऱ्या थिनरमुळे रंगाचा पृष्ठभाग गार पडतो आणि थंड लोट्यावर जसे थेंब जमतात तशी हवेतली ओल त्यावर बसते. रंग पांढुरका पडतो. म्हणून हे काम पावसाळा सरल्यावर काढलेलं बरं.

दुसरं काम लांबीचं. खळगे लांबीनं भरले की ८०, १८०, २४० अशा क्रमानं घासायचं. लांबी पाणी पिते, म्हणून ती कोरडीच घासतात. हातात कागद धरून बोटांनी घासू नका. बोटांचा दाब सारखा पडत नाही, बोटांच्या रेघा पत्र्यावर उमटतात. लाकडाचा किंवा कडक रबराचा ठोकळा घ्या आणि तिरपं, एकदा या बाजूनं आणि एकदा त्या बाजूनं घासा. एक जुनी युक्तीही आहे. लांबीवर काळ्या रंगाचा विरळ फवारा मारून घासा. जिथं काळं लवकर जाईल तो उंचवटा, जिथं राहील तो खळगा. डोळ्याला न दिसणारं काळा रंग दाखवून देतो.

तिसरं काम अस्तराचं. अस्तर ४०० ते ६०० नंबरनं पाणी घालून गुळगुळीत करायचं. चौथं, रंग. पाचवं, क्लिअर कोटचे दोन-तीन हात. पुढे घासायचं आहे हे माहीत असेल तर एखादा हात जास्त देतात. तो जास्तीचा हात म्हणजे घासण्यासाठी बाजूला काढून ठेवलेले पैसेच समजा.

आणि मग थांबायचं. कारखान्यात रंग भट्टीत भाजून निघतो, गॅरेजमध्ये तो दिवसांवर पक्का होतो. घाईनं दुसऱ्याच दिवशी घासलं तर आतलं थिनर पुढे हळूहळू उडत राहतं, थर आक्रसतो आणि पुसलेल्या रेघा महिन्याभरात पुन्हा डोकं वर काढतात. घिसाडघाईची शिक्षा अशी उशिरा मिळते. डब्यावर जितके दिवस लिहिलेत तितके द्या.

संत्र्याची साल

फवाऱ्यानं मारलेला रंग कितीही चांगला असला तरी वाळल्यावर त्यावर बारीक खडबड राहते. जगभरातले रंगारी तिला संत्र्याची साल म्हणतात. वरूड-मोर्शीच्या संत्र्यांच्या मुलखात हे समजावून सांगायची गरज नाही. साल हातात घेऊन तिरकी उन्हात धरा, तेच चित्र तुमच्या बोनेटवर असतं. चमक असते, पण प्रतिबिंब हलल्यासारखं दिसतं.

ही साल काढण्याचं काम म्हणजे या सगळ्या प्रवासातला कसोटीचा टप्पा. १००० किंवा १२०० नंबरपासून सुरू करून १५००, २००० आणि शेवटी ३००० पर्यंत जायचं. पेपर आधी पाण्यात भिजत ठेवायचा. पाण्यात साबणाचा एखादा थेंब टाकायचा, म्हणजे पेपर अडखळत नाही. पाणी वरचेवर बदलायचं, कारण बादलीच्या तळाचा वाळूचा एक कण दिवसभराच्या कामावर रेघ ओढतो.

मध्येमध्ये रबराच्या पट्टीनं पाणी निपटून बघायचं. जिथं पेपर लागला तो भाग मंद दिसतो, जिथं खळगा आहे तिथं चमकणारे ठिपके उरतात. ठिपके संपले की त्या नंबरचं काम संपलं. एकही फेरा जास्त नको. प्रत्येक नंबरला दिशा बदलायची. आधीच्या रेघा उभ्या असतील तर आता आडवं घासायचं. उभ्या रेघा पूर्ण गेल्या की पुढचा नंबर. एखादा नंबर गाळून वेळ वाचवला असं वाटतं, पण १००० च्या रेघा ३००० नं पुसता पुसता दुप्पट वेळ जातो.

आणि कडा! बोनेटच्या, दरवाजाच्या, मडगार्डच्या धारदार कडांवर ओला रंग टिकत नाही, तो मागे सरकतो. त्यामुळे तिथं थर मुळातच पातळ, आणि हाताचा सगळा दाबही तिथंच येतो. म्हणून कडांवर आधी टेप लावतात, ती शेवटी काढतात आणि तेवढा भाग हलक्या हातानं उरकतात.

मशीन हातात आलं की

३००० नंबरनंतर गाडी काचेवर वाफ धरल्यासारखी दिसते. मालकाचा जीव इथं खालीवर होतो. पण हीच योग्य अवस्था आहे. आता रबिंग कंपाऊंड म्हणजे लेपात कालवलेला आणखी बारीक पेपर असं समजा. आधी लोकरीच्या पॅडवर कंपाऊंड, मग स्पंजच्या पॅडवर बारीक पॉलिश. प्रत्येक टप्प्याला पॅड वेगळं.

मशीनचा खरा शत्रू उष्णता. एकाच जागी मशीन धरलं तर काही सेकंदांत क्लिअर कोट मऊ होऊन जळतो आणि खालचा रंग उघडा पडतो. त्यावर इलाज एकच, पुन्हा रंगवणं. म्हणून मशीनचा वेग कमी ठेवायचा, मशीन सतत सरकतं ठेवायचं, मध्येमध्ये पत्र्याला हात लावून बघायचं आणि काम सावलीत करायचं. वऱ्हाडातल्या मे महिन्यात उन्हात तापलेल्या बोनेटवर पॉलिश लावणं म्हणजे तव्यावर पीठ टाकण्यासारखं आहे, लावताक्षणी वाळून चिकटतं.

सगळ्यात शेवटी वॅक्स. वॅक्स चकाकी बनवत नाही, बनलेली चकाकी थोडे दिवस राखतं.

मग त्या व्हायरल युक्त्यांचं काय? टूथपेस्टमध्ये दात घासायचे बारीक कण असतात, त्यामुळे ती खरोखर थोडं घासते. पण दातासाठी बनवलेले कण रंगावर कसे वागतील याचा भरवसा नाही. डिझेलचा किंवा रॉकेलचा फडका मारला की ओरखड्यांत तेल भरतं आणि गाडी लगेच चमकते. त्यावर धूळ चिकटते आणि पहिल्या धुण्यात सगळं जातं. ३० सेकंदांच्या रीलला मात्र तेवढं पुरतं.

रंग परत देता येतो, फुप्फुसं नाही

आता रीलमध्ये कधीच न दिसणारी गोष्ट. गॅरेजमधली पोरं तोंडाला रुमाल बांधून लांबी घासतात. ती धूळ इतकी बारीक असते की रुमाल तिला अडवत नाही. जुन्या रंगांत, विशेषतः पिवळ्या-लाल छटांत, शिशाची रंगद्रव्यं वापरली जात. असा रंग कोरडा घासणं म्हणजे शिसं हवेत उडवणं. म्हणून जुना रंग शक्यतो पाणी घालूनच घासावा, आणि लांबी कोरडी घासताना नीट बसणारा एन९५ मास्क हवाच.

फवारणीचा धोका आणखी वेगळा. हार्डनर मिसळून मारायच्या टूके रंगांत आणि क्लिअर कोटमध्ये आयसोसायनेट नावाची रसायनं असतात. त्यांच्यामुळे दमा होऊ शकतो. एकदा शरीराला त्यांचं वावडं झालं की पुढे अगदी थोडी वाफही त्रास देते. इथं धुळीचा मास्क चालत नाही, बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा लागतो. घरच्या अंगणात हा रंग मारायच्या भानगडीत पडू नका. आणि गॅरेज निवडताना "किती घेणार?" याबरोबर "फवारणाऱ्याला मास्क काय देता?" हेही विचारा.

आणि हो, चकाकी हवीच का?

जीपवाल्यांनी हा विचार जरूर करावा. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचा रंग मुद्दाम बिनचमकीचा ठेवलेला होता, कारण चमकणारा पत्रा शत्रूला लांबून दिसतो. अशा जीपला आरसा बनवणं म्हणजे तिचा इतिहास पुसणं.

पण म्हणून लगेच तिला सैनिकी हिरवा मारायलाही धावू नका. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२१ नुसार ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव आहे, खासगी गाडीला तो मारता येत नाही. दुसरा कुठलाही रंग बदललात तरी आरसीवर त्याची नोंद करून घ्या. गाडी पन्नास वर्षांहून जुनी असेल तर २०२१ च्या नियमांप्रमाणे "व्हीए" मालिकेत व्हिंटेज म्हणून तिची नोंदणी होऊ शकते. त्यासाठी चॅसिस, सांगाडा आणि इंजिन मूळचंच हवं. अशी गाडी मग रोजच्या किंवा धंद्याच्या कामाला वापरता येत नाही, म्हणजे सफारीलाही नाही.

राहता राहिली सेमाडोहच्या रस्त्यावर रोज धावणारी गाडी. बांबू आणि रायमुनिया तिला उद्या पुन्हा ओरबाडणारच आहेत. तिचा दर ओरखडा मिटवत बसलं तर दोन हंगामांत क्लिअर कोट संपेल. तिला हवं ते साधं आहे. धूळ पाण्यानं सोडवून मगच फडकं लावणं, कारण कोरड्या धुळीवर फडकं फिरवणं म्हणजे पेपर फिरवणंच. पत्र्यापर्यंत गेलेल्या ओरखड्याला लगेच रंगाचा ठिपका, म्हणजे पावसाळ्यात गंज धरणार नाही. आणि वर्षातून एक-दोनदा वॅक्स.

अति तेथे माती ही म्हण रंगाच्या बाबतीत शब्दशः खरी ठरते. जास्त घासलं की रंगाची माती होऊन बादलीत वाहून जाते. पुढच्या वेळी अशी रील समोर आली की कमेंटमध्ये पॉलिशचं नाव विचारू नका. विचारा, "भाऊ, किती मायक्रॉन उरलाय?"